एरियाना हफिंग्टन: पाहुणी म्हणून आली, यजमान झाली

कंदिलवाली

मी वीस वर्षं एका मराठी दैनिकात उपसंपादक होते. रात्रीची पानं लावली, मथळे दिले, शेवटचं पान सुटेपर्यंत जागले. त्यामुळे कुणी बाईनं स्वतःचं वृत्तपत्र उभं केलं असं कळलं की मला राहवत नाही. पैसे कुठून आणले, माणसं कशी जमवली, सगळं खणून काढावंसं वाटतं. गेले दोन महिने हफिंग्टन पोस्ट ही बातम्यांची वेबसाइट काढणाऱ्या एरियाना हफिंग्टनच्या मागे लागले आहे. माझ्या वाचनात तिच्याबद्दल मराठीत जे आलं ते बहुतेक झोपेचं महत्त्व सांगणारी यशस्वी बाई, एवढ्याच अंगानं. तिची खरी गोष्ट मला त्याहून मोठी वाटते, आणि तिच्यात एक गाठ आहे जी मला सुटत नाही. म्हणून हा धागा.

सुरुवात तिच्या वडिलांपासून करते, कारण शाईचा वास तिथूनच आला. जर्मनांच्या ताब्यातल्या ग्रीसमध्ये ते चोरून वृत्तपत्र छापत. त्यापायी छळछावणीत गेले, जिवंत परत आले आणि पुन्हा वृत्तपत्रंच काढली. ती चालली नाहीत. १९५० साली अथेन्समध्ये जन्मलेली आरियाद्नी-आना स्टासिनोपूलू, म्हणजेच एरियाना, ही त्यांची थोरली मुलगी. पुढे आईवडील वेगळे झाले आणि आई एली दोन मुलींना घेऊन छोट्याशा घरात राहू लागली.

मुलीनं एका मासिकात केंब्रिजचा फोटो पाहिला आणि मला इथे शिकायचंय म्हणाली. ज्याला सांगितलं त्यानं वेड्यात काढलं. पैसा नाही, इंग्रजी धड नाही. आईनं मात्र कुठून तरी स्वस्तातली तिकिटं मिळवली आणि लेकीला घेऊन केंब्रिज बघायला गेली. कुणाची भेट ठरलेली नव्हती, मुलाखत नव्हती. पाऊस पडत होता आणि या दोघी मायलेकी कॉलेजांच्या भिंतींच्या कडेकडेनं हिंडत होत्या. एवढंच करून परत आल्या. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. दहावीच्या सुट्टीत माझी आई मला एसटीनं पुण्याला फर्ग्युसन कॉलेज नुसतं दाखवायला घेऊन गेली होती. आत जायची आमची छाती झाली नाही. फाटकाजवळच्या झाडाखाली डबा खाल्ला आणि संध्याकाळच्या गाडीनं घरी.

एरियानाला शिष्यवृत्ती मिळाली. गर्टन कॉलेज, विषय अर्थशास्त्र. तिथली केंब्रिज युनियन म्हणजे वादविवादाचा आखाडा, इंग्लंडचे कितीतरी मंत्री तिथे बोलायला शिकले. तिथे पहिली स्त्री अध्यक्ष झाली तीच मुळी १९६७ साली. चार वर्षांनी, १९७१ मध्ये ही ग्रीक मुलगी अध्यक्ष झाली, आपल्या जाड ग्रीक उच्चारांसकट. त्या उच्चारांची तिथे चेष्टा व्हायची. ते तिनं कधीच बदलले नाहीत.

१९७३ मध्ये पहिलं पुस्तक आलं, स्त्रीमुक्ती चळवळीतल्या टोकाच्या भूमिकांविरुद्ध. खूप खपलं. तसलंच आणखी एक लिही म्हणून प्रकाशक मागे लागले, तर हिनं राजकीय नेतृत्वावर गंभीर पुस्तक लिहिलं. ते ३६ प्रकाशकांनी नाकारलं. हातचे पैसे संपले. लंडनच्या रस्त्यावरून उदास होऊन चालली असताना समोर बँक दिसली, ती आत शिरली, व्यवस्थापकाला भेटली आणि कर्ज मागितलं. तारण काही नाही. त्यानं दिलं. त्यावर ती तग धरून राहिली आणि पुस्तक निघालं. त्या व्यवस्थापकाला ती पुढे दर नाताळला शुभेच्छापत्र पाठवत राहिली.

१९८० मध्ये न्यूयॉर्क. पुढच्या वर्षी ऑपेरा गायिका मारिया कॅलासचं चरित्र आलं, गाजलं. त्यात दुसऱ्याचा मजकूर उचलल्याचा आरोप झाला आणि तो कोर्टाबाहेर मिटवला गेला. हे लिहिल्याशिवाय पुढे जाणं मला बरं वाटत नाही. १९८६ मध्ये तेल व्यवसायातल्या घराण्यातल्या मायकल हफिंग्टनशी लग्न, दोन मुली, १९९७ मध्ये घटस्फोट. मधल्या काळात नवऱ्याची रिपब्लिकन पक्षाकडून खासदारकी. राजकीयदृष्ट्या ती तेव्हा उजवीकडे होती, नव्वदच्या दशकाच्या शेवटी डावीकडे आली. २००३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाला अपक्ष उभी राहिली, मतदानाआधीच माघार घेतली. समोर अर्नोल्ड श्वार्झनेगर. दोघंही युरोपातून आलेले, दोघांच्याही जिभेवर जन्मगाव.

आता मुख्य भाग. नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाचे जॉन केरी हरले. डिसेंबरमध्ये लॉस एंजेलिसमधल्या एरियानाच्या घरी तीसेक माणसं जमली: पत्रकार, चित्रपटवाले, पैसेवाले. उजव्या बाजूला ड्रज रिपोर्ट नावाची वेबसाइट बातम्यांची दिशा ठरवत होती, तिला उत्तर काय द्यायचं ही चर्चा. त्यातून केनेथ लेरर, जोना पेरेटी आणि अँड्र्यू ब्राइटबार्ट यांच्यासोबत ९ मे २००५ ला हफिंग्टन पोस्ट सुरू झालं. पहिल्याच दिवशी लॅरी डेव्हिडसारखा विनोदवीर आणि केनेडींच्या काळापासूनचे ऐंशी ओलांडलेले इतिहासकार आर्थर श्लेसिंजर एकाच पानावर. एका स्थानिक साप्ताहिकानं त्याच दिवशी लिहिलं की हे अपयश इतकं मोठं आहे की यातून उठणं नाही.

मला जे सांगायचंय ते असं. एरियानाचं भांडवल म्हणजे तिचं यजमानपण. कोणाला कोणाशेजारी बसवलं की गप्पा रंगतील, म्हाताऱ्या इतिहासकाराला ब्लॉग म्हणजे काय ते कसं पटवायचं, तिसऱ्यांदा फोन केला तर कोण हो म्हणेल, हे तिला कळत होतं. परक्या गावात आलेल्या माणसाला हे शिकावंच लागतं. नातेवाईक नसतात, शाळासोबती नसतात, ओळखी शून्यातून जोडायच्या असतात. ती तीस वर्षं दुसऱ्यांच्या दिवाणखान्यात पाहुणी होती, मग तिनं स्वतःचा दिवाणखाना उघडला आणि तो इंटरनेटवर मांडला.

आणि इथेच ती गाठ. दिवाणखान्यात बोलायला आलेल्या पाहुण्याला कुणी पैसे देत नाही. ब्लॉग लिहिणाऱ्या हजारो लोकांना एक पैसा दिला जात नव्हता. फेब्रुवारी २०११ मध्ये एओएल कंपनीनं हफिंग्टन पोस्ट ३१.५ कोटी डॉलरला विकत घेतलं. दिवाणखाना विकला गेला, पाहुण्यांना काय? जोनाथन टासिनी या ब्लॉगलेखकानं सुमारे ९,००० जणांच्या वतीनं १०.५ कोटी डॉलरचा दावा लावला. मार्च २०१२ मध्ये न्यायाधीशांनी तो फेटाळला: पैसे मिळणार नाहीत हे लिहिणाऱ्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

कायद्यानं ते बरोबरच असेल. मला या बाईबद्दल मनापासून आदर आहे आणि तरीही त्या निकालाशी मी रोज भांडते. तुम्हाला काय वाटतं?

ओसरी

ताई, लेख दोनदा वाचला. मी सिन्नर तालुक्यातला, पंधरा वर्षं वार्ताहर होतो. पेपरचं नाव घेत नाही.

'पहिल्यापासून माहीत होतं' हे वाक्य मला लागलं. आम्हालाही माहीत होतं. महिन्याचं मानधन असं की त्यात गाडीचं पेट्रोलही निघू नये. बाकी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. म्हणजे सकाळी ज्या सरपंचाच्या कामाची बातमी करायची, दुपारी त्याच्याचकडे वाढदिवसाच्या शुभेच्छांची अर्धं पान जाहिरात मागायला जायचं. एकदा एका गावात टँकर तीन आठवडे आला नव्हता. बायका मला हंडे दाखवत होत्या आणि माझ्या खिशात त्याच गावच्या पुढाऱ्याच्या जाहिरातीचा मजकूर होता, फोटोसकट. बातमी दिली. जाहिरात गेली. त्या महिन्यात पोरीची फी उशिरा भरली.

माहीत असणं आणि कबूल असणं यात फरक आहे. गरजवंताला दुसरी वाट नसते म्हणून तो मान हलवतो. पण एक सांगतो, अमेरिकेतले ते ब्लॉग लिहिणारे सगळेच गरजवंत नसावेत. नट, प्राध्यापक, वकील होते ना? त्यांना नाव हवं होतं, ते मिळालं. मला टासिनीपेक्षा त्या नऊ हजारांतल्या नाव नसलेल्यांची काळजी वाटते.

यंत्रमाग

तांत्रिक बाजू कुणीतरी मांडायला हवी, मी वेबसाइटच्या कामातच आहे.

त्या ३१.५ कोटींतला मोठा भाग ब्लॉगांमुळे आला नाही. तेव्हा नेट सिल्व्हर या आकडेतज्ज्ञानं हिशेब मांडून दाखवलं होतं की बहुतेक वाचक पगारी मंडळींच्या बातम्यांवर यायचे. बिनपगारी ब्लॉगवर सरासरी वाचक इतके थोडे की एका ब्लॉगची कमाई काही मोजके डॉलर भरावी.

खरी कमाल पेरेटीच्या यंत्रणेची. एका बातमीला दोन मथळे द्यायचे. निम्म्या वाचकांना एक दिसणार, निम्म्यांना दुसरा. पाच मिनिटांत कळतं कुठल्यावर जास्त लोक टिचकी मारतात, तो ठेवायचा. दुसरं म्हणजे लोक गूगलवर काय शोधतायत ते पाहून त्यावर पान बनवायचं. फेब्रुवारी २०११ मध्ये, ज्या शनिवार-रविवारी हा सौदा पक्का होत होता, त्याच वेळी त्यांनी 'सुपर बोल सामना (अमेरिकन फुटबॉलची अंतिम लढत) किती वाजता सुरू होणार' एवढ्याच विषयावर पान टाकलं होतं. देशभर लोक तेच शोधत होते, सगळे या पानावर आले. शिवाय दुसऱ्या वृत्तपत्रांच्या बातम्यांचा सारांश द्यायचा आणि खाली मूळ बातमीचा दुवा. या पद्धतीवर इतर संपादक फार चिडले होते.

म्हणून कंदिलवाली, माझं मत: दिवाणखाना दर्शनी भाग होता. माजघरात यंत्र चालू होतं, पैसा तिथे होता.

कंदिलवाली

यंत्रमाग, हे मला नीट माहीत नव्हतं, मनापासून आभार. मथळ्याची परीक्षा पाच मिनिटांत! आम्ही एका मथळ्यावर अर्धा तास भांडायचो आणि बरोबर कोण होतं ते कधीच कळायचं नाही.

पण एक मुद्दा सोडत नाही. दर्शनी भाग नसता तर माजघरात कोण आलं असतं? जाहिरातदार कुणाच्या नावावर आले? लॅरी डेव्हिडच्या आणि श्लेसिंजरच्या. ते तिनं बोलावून आणले होते. पाहुण्यांच्या उपस्थितीचं मोल मोजायला टिचक्या पुरत नाहीत.

दूरदेशी

मी २६ वर्षं न्यू जर्सीत आहे. उच्चारांवरचा परिच्छेद वाचून थांबले.

इथे पहिल्या नोकरीत मी बैठकीत बोलले की लोक 'पुन्हा सांगाल का' म्हणायचे. मी हळूहळू बोलणंच कमी केलं. व आणि डब्ल्यू आरशासमोर घोकले. एरियाना टीव्हीवर दिसायची तेव्हा मला नवल वाटायचं, ही बाई आपले उच्चार अंगावरच्या दागिन्यासारखे मिरवते. तेव्हा वाटायचं, हिला पैशांचं बळ आहे. केंब्रिजच्या दिवसांत तिच्याकडे पैसे नव्हते हे मला तुमच्यामुळे कळलं.

पण एक गोष्ट तुम्ही फार लवकर ओलांडलीत. १९९४ मध्ये मायकल हफिंग्टन सेनेटच्या निवडणुकीत डायान फाइनस्टाइन यांच्याविरुद्ध उभे होते, स्वतःचे जवळजवळ २.८ कोटी डॉलर ओतून. त्याच मतपत्रिकेवर १८७ क्रमांकाचा प्रस्ताव होता: कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांना सरकारी शाळा आणि दवाखाने बंद. मायकलनी त्याला पाठिंबा दिला. मतदानाला दोन आठवडे उरले असताना उघड झालं की त्यांच्या घरी मुलींना सांभाळणारी बाई कागदपत्रं नसलेलीच होती. ते थोडक्यात हरले. प्रस्ताव मात्र जिंकला, तो पुढे कोर्टानं अडवला.

मला हे क्षमा करता येत नाही. स्वतः बाहेरून आलेली बाई. तिच्या मुलींना जी जेवू घालत होती, तिच्यासारख्या बायकांच्या मुलांना शाळा नाकारणाऱ्या बाजूच्या व्यासपीठावर ही उभी. पुढे तिनं राजकारण बदललं, ते प्रामाणिकपणे बदललं असं मी मानते. पण यजमानपणाबद्दल बोलायचं तर त्या घरातल्या स्वयंपाकघरापासून बोलायला हवं.

कंदिलवाली

दूरदेशी, तुम्ही म्हणता ते खरं आहे. मी ते टाळलं, कारण ते लिहिलं की तिच्यावरचं माझं प्रेम डळमळतं. तसं करायला नको होतं. मूळ लेखातली ती ओळ अपुरी आहे, वाचणाऱ्यांनी तुमचा प्रतिसाद तिला जोडूनच वाचावा.

खडूफळा

मी निवृत्त शिक्षिका. वेबसाइटचं फार कळत नाही, पण चर्चा चांगली चालली आहे म्हणून विचारते: या बाईंच्या पत्रात खरी पत्रकारिता कधी झाली का? की नटांचे ब्लॉग आणि सामन्याच्या वेळा?

कंदिलवाली

झाली, बाई. २०१२ चा राष्ट्रीय वार्तांकनाचा पुलित्झर, म्हणजे अमेरिकेतला पत्रकारितेचा मोठा पुरस्कार, हफिंग्टन पोस्टच्या डेव्हिड वूड यांना मिळाला. इराक आणि अफगाणिस्तानातून हातपाय गमावून, भाजून परत आलेल्या सैनिकांवर त्यांनी दहा भागांची मालिका लिहिली होती. युद्ध संपल्यावर घरी काय होतं, बायको रात्री जखमा कशा धुते, तिशीतल्या मुलाला आई पुन्हा कशी भरवते. वूड तेव्हा साठी ओलांडलेले, आयुष्यभर युद्धं पाहिलेले. आणि ते पगारी होते. पाहुण्यांच्या गर्दीतून जमलेला पैसा अशा एका माणसाला महिनोन्‌महिने एकाच विषयावर बसू द्यायला कामी आला, हेही त्या हिशेबात धरायला हवं.

दूरदेशी

तिच्या आईबद्दल एक राहून जाऊ नये म्हणून लिहिते. एली अमेरिकेत लेकीकडेच राहायची. घरी निरोप्या आला, नळवाला आला तरी बसवून खायला घालायची. एरियानानं लिहिलंय की आई तिच्यावर शेवटची रागावली ती एका गोष्टीवरून: एरियाना मुलींशी बोलत होती आणि त्याच वेळी टपाल उघडत होती. एका वेळी दोन कामं करणं आईला मुळीच खपत नसे.

२००० च्या ऑगस्टमध्ये आई गेली. घरातच पडली. रुग्णवाहिका बोलवू नका म्हणाली. उठवायला आलेल्यांना म्हणाली, इथेच जमिनीवर बसा, वाइनची बाटली उघडा. मुली, नाती, नर्स सगळ्या तिच्याभोवती जमिनीवर बसल्या, गोष्टी सांगत, हसत. त्यातच ती गेली.

कंदिलवाली, तुम्ही म्हणता ते यजमानपण लेकीनं कुठे शिकलं, याचं उत्तर मला इथे दिसतं. परक्या गावानं शिकवलं असेल, पण आधी आईनं.

खडूफळा

दूरदेशी, हे वाचून डोळे भरून आले. आणि तरी तीच मुलगी एप्रिल २००७ मध्ये कामाच्या अतिताणानं कोसळली ना? टेबलावर आपटून गालाचं हाड मोडलं. आईचं ऐकायला सात वर्षं लागली. झोपेवरचं पुस्तक, कार्यालयात डुलकी घेण्याच्या खोल्या, २०१६ मध्ये हफिंग्टन पोस्ट सोडून काढलेली थ्राइव्ह ग्लोबल कंपनी, हे सगळं मला त्या टपाल उघडण्याच्या प्रसंगाची परतफेड वाटते.

रानजाई

खूप दिवस वाचत होते, आज पहिल्यांदा लिहिते आहे.

मी बीडची. पदवीनंतर दोन वर्षं एका वेबपोर्टलसाठी लिहिलं, नाव नको. 'आत्ता पैसे नाहीत पण तुझं नाव होईल' असं संपादक म्हणाले. ऊसतोड कामगारांच्या मुलांवर सहा लेख लिहिले. एका कोप्यावर रात्र काढली, पहाटे तीनला बायका तोडीला निघाल्या तेव्हा त्यांच्यामागे टॉर्च घेऊन गेले. लेखांना हजारो वाचक मिळाले. मी पैशांबद्दल विचारलं तेव्हा उत्तरच आलं नाही. नंतर पोर्टल बंद पडलं आणि माझे लेखही गेले. माझ्याकडे आता फक्त मोबाइलवरचे फोटो आहेत.

हफपोस्ट इंडियाबद्दल (हफपोस्ट हे हफिंग्टन पोस्टचंच नंतरचं नाव) कुणी लिहिलं नाही म्हणून सांगते. डिसेंबर २०१४ मध्ये टाइम्स समूहाबरोबर ते सुरू झालं. पुढे तिथे चांगल्या शोधबातम्या झाल्या, मी त्या वाचून शिकले. नोव्हेंबर २०२० मध्ये बझफीडनं हफपोस्ट विकत घेतलं. बझफीड म्हणजे पेरेटीचीच कंपनी, ज्यानं एरियानाबरोबर सुरुवात केली होती. डिजिटल वृत्तमाध्यमात परकीय गुंतवणूक २६ टक्क्यांपर्यंतच असा आपल्याकडचा नियम, त्यामुळे भारतातली आवृत्ती त्यांना घेता येईना. काही दिवसांत ती बंद. बारा जणांच्या नोकऱ्या गेल्या.

यंत्रमाग यांचा हिशेब बरोबर असेल, एका ब्लॉगचे मोजके डॉलर. मला ते मोजके डॉलरसुद्धा चालले असते. रक्कम किती याहून, कुणीतरी माझ्या त्या रात्रीचा हिशेब वहीत लिहिला असता, एवढंच हवं होतं.

ओसरी

पोरी, ते लेख पुन्हा लिही. फोटो आहेत ना? मग आठवण आहे.

यंत्रमाग

रानजाई, तुमच्या पोर्टलची पानं इंटरनेटच्या जुन्या जतन केलेल्या प्रतींमध्ये सापडू शकतात. पत्ता आठवत असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा, मी शोधतो.

आणि एक आठवलं. जानेवारी २०१८ मध्ये हफपोस्टनं अमेरिकेत ती बिनपगारी लेखकांची व्यवस्था स्वतःहून बंद केली. तोवर तिथे एक लाखाच्या आसपास लोक लिहून गेले होते. एरियाना तेव्हा तिथे नव्हती.

रानजाई

यंत्रमागदादा, सहापैकी चार सापडले! कालची रात्र मी ते परत वाचत बसले होते.

कंदिलवालीताई, तुमचा धागा वाचल्यापासून डोक्यात एक घोळत होतं, आता बोलून टाकते. मी आणि दोन मैत्रिणी मिळून आमच्या जिल्ह्यापुरती वेबसाइट सुरू करतो आहोत. यजमान व्हायचं तर वाढायला काहीतरी हवं, म्हणून आधी तेच ठरवलं: पहिल्या बातमीपासून प्रत्येक बातमीचे पैसे, मग ते दीडशे रुपये का असेनात, आणि महिन्याच्या पाच तारखेला खात्यात. आत्ता आमच्याकडे ४० बातम्यांचे पैसे आहेत. ४० झाल्या की जमले असतील तेवढ्याच पुढच्या घेऊ, नाहीतर थांबू.

दोन मथळ्यांची ती परीक्षा आमच्यासारख्या छोट्या साइटवर करता येते का?

यंत्रमाग

येते, पण वाचक थोडे असतील तर पाच मिनिटांत नाही, दिवस लागेल. रविवारी दुपारी वेळ आहे का? बसवून देतो.

कंदिलवाली

मथळे मी तपासून देईन. पहिली बातमी कुठली आहे?

रानजाई

गेवराईच्या एका वस्तीवरची शाळा. हंगामात पट अर्ध्यावर येतो. मैत्रीण परवा जाऊन आली, मजकूर आज रात्री पाठवते.